गाडी मागून बसलीये, स्प्रिंग किती कडक घेऊ?

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"दादा, माझ्याकडे दुसऱ्या पिढीची लाँग व्हीलबेस पजेरो आहे. पुढे विंच बंपर लावला तेव्हा नाक खाली गेलं म्हणून टॉर्शन बार (पुढे स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी सळई) आवळून घेतला. मागे लोखंडी बंपर, ड्रॉवर आणि दुसरी बॅटरी असं मिळून 110 किलोच्या आसपास वजन कायम असतं. टूरला निघालो की पाणी, डिझेलचे कॅन, फ्रिज, तंबू वगैरे अजून 110 किलो. हबच्या मध्यापासून चाकावरच्या आर्चच्या काठापर्यंत मोजलं तर पुढे दोन्ही बाजूंना 478 मिमी, मागे डावीकडे 450 आणि उजवीकडे 438. टूरचं सामान भरलं की 431 आणि 419. गाडी मागून बसलेली दिसते, रात्री समोरचे डिपर मारतात. एका गॅरेजवाल्याने 300 किलोवाली हेवी ड्युटी स्प्रिंग सांगितलीये, 50 मिमी लिफ्ट मिळेल म्हणतो. मित्र म्हणतो स्प्रिंगखाली 30 मिमीचे स्पेसर टाक, विषय संपला. दुसरा म्हणतो स्प्रिंगमध्ये एअरबॅग. काय करू? रोज ऑफिसला पण हीच गाडी नेतो."

सगळ्यात आधी शाबासकी, कारण तू हबच्या मध्यापासून मोजलंयस. बहुतेक लोक जमिनीपासून मोजतात आणि मग टायरमधली हवा, टायरची झीज, जमिनीचा उतार सगळं त्या आकड्यात मिसळतं. पण एक गडबड आहे, पुढचे 478 आणि मागचे 450 यांची तुलना करून गाडी 28 मिमी मागे बसलीये असं म्हणता येत नाही. पुढच्या आणि मागच्या आर्चचा पत्रा एकाच उंचीवर कापलेला असेलच असं नाही, बऱ्याच गाड्यांत नसतोच. गाडी लेव्हल आहे की नाही हे दाराखालच्या सिलवर बघायचं. सपाट जमिनीवर गाडी लाव, टायरची हवा चारी बाजूंना बरोबर कर, आणि दोन्ही दारांच्या मधे सिलच्या सरळ भागावर गवंड्याकडे असते तशी लेव्हल पट्टी धर. नाहीतर सिलच्या पुढच्या टोकापासून आणि मागच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लाव. आर्चचं माप त्याच चाकाचं आधीचं आणि नंतरचं बघायला वापर, पुढचं-मागचं जोडायला नको.

आणि मोजायच्या आधी गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून घे, हँडब्रेक न लावता उभी कर. जॅकवरून उतरवलेली किंवा नुकतीच वळवून लावलेली गाडी बुश (सांध्यातलं रबर) आणि टायरच्या ताणामुळे खोटी उंची दाखवते, आणि आपण त्या खोट्या 8-10 मिमीवर स्प्रिंग ऑर्डर करून बसतो.

आता मुद्द्यावर येतो. स्प्रिंग उंची बघून घेतात आणि फसतात, ती वजन बघून घ्यायची असते. कायम किती वजन बसणार आहे ते आधी, उंची त्याच्यामागून येते. कॅटलॉगात 50 मिमी लिफ्ट लिहिलेलं वाचून सगळे खूश होतात पण ती 50 मिमी किती वजनावर हे विचारतच नाहीत, आणि खरा प्रश्न तोच आहे कारण काही कंपन्या रिकाम्या गाडीवरची उंची सांगतात आणि काही वजन भरल्यावरची.

तुझ्याच आकड्यांवरून बघू. 110 किलो टाकल्यावर मागची बाजू 19 मिमी खाली गेली. म्हणजे दोन्ही स्प्रिंगा मिळून साधारण 5.8 किलोला 1 मिमी. पण तुझं सगळं सामान ॲक्सलच्या बरोबर वर नसणार, थोडं मागे असणार, आणि मागे ठेवलेलं वजन ॲक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त निघेल. नीट हवा असेल तर पाण्याचे 20 लिटरचे पाच कॅन भर, ते झाले 100 किलो, आणि ते बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेव, आधी मोज, नंतर गाडी जरा हलवून परत मोज. आत्तापुरतं 6 धरू, हिशोबाला सोपं. म्हणजे एका स्प्रिंगला 3 किलो प्रति मिमी. कॅटलॉगात हे कधी न्यूटनमध्ये असतं तर कधी पाउंड-इंचात, तर 3 किलो प्रति मिमी म्हणजे अंदाजे 29 न्यूटन प्रति मिमी किंवा 168 पाउंड प्रति इंच. हे रूपांतर न करता दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून एक दुप्पट कडक आहे म्हणणारे लोक भरपूर आहेत.

गॅरेजवाल्याची 300 किलोवाली घेतली तर काय होईल ते बघ. समजा ती तुझ्या आत्ताच्या जोडीपेक्षा 60 टक्के कडक आहे, म्हणजे दोन्ही मिळून 9.6 किलोला 1 मिमी. तिची 50 मिमी लिफ्ट 300 किलो कायम मागे असताना मिळणार आहे असं धरू, कारण नावच तसं आहे. तुझ्याकडे रोज 110 किलोच आहे. उरलेले 190 किलो नाहीत, म्हणजे गाडी अजून 20 मिमी वर, एकूण 70. ऑफिसला जाताना मागची बाजू 70 मिमी वर, खड्ड्यात मागचा ॲक्सल टणाटण उडतोय, पावसात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी. खडकाळ चढावर तर अजून वाईट, कडक स्प्रिंग दबत नाही त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं हवेत लटकतं आणि हवेतलं चाक काही ओढत नाही. ऑफ-रोडसाठी कडक म्हणजे मजबूत असा जो समज आहे ना तो रिकाम्या गाडीला जास्त त्रास देतो.

तुझ्यासाठी कायम 100 किलोच्या आसपास वजनाला बनवलेली मध्यम जोडी, आत्ताच्यापेक्षा 20 ते 30 टक्के कडक, आणि त्या वजनावर मूळ उंचीपेक्षा 25-30 मिमी वर. एवढंच. 25 टक्के कडक धरली तर दोन्ही मिळून 7.5 किलोला 1 मिमी, मग टूरचे 110 किलो चढवले की जेमतेम 15 मिमी बसेल. म्हणजे रोज मागची बाजू थोडी वर, टूरला निघालास की लेव्हल. मागची बाजू रिकामी असताना जराशी उंच दिसणं हा दोष नाहीये, कंपन्या मुद्दाम तसंच ठेवतात, सामान आणि माणसं मागेच बसतात म्हणून. सामान न भरता एकदम लेव्हल हवी असा हट्ट केलास तर भरल्यावर ती परत बसणार.

25 टक्के हे किती कमी वाटतं, पण स्प्रिंगच्या तारेच्या जाडीवर कडकपणा चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 15 मिमीची तार 16 मिमी केली की स्प्रिंग जवळजवळ 29 टक्के कडक होते. डोळ्यांनी बघून जाड-बारीक ठरवणं म्हणून कामाचं नाही, व्हर्नियर लावून बघ. वेढे कमी असले तरी कडक होते आणि वेढ्याचा घेर मोठा असला तर मऊ होते, त्यामुळे नुसत्या तारेवरूनही पूर्ण कळत नाही.

अजून एक गैरसमज इथेच काढून टाकतो. जुनी स्प्रिंग मऊ झाली असं सगळे म्हणतात. मऊ होत नाही. पोलादाचा कडकपणा वर्षांनी कमी होत नाही, तार गंजून बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी. जुनी स्प्रिंग कायमची थोडी दबून जाते, तिची मोकळी लांबी कमी होते, म्हणून गाडी खाली बसते पण वजन टाकल्यावर तेवढीच दबते जेवढी आधी दबायची. म्हणून तुझी दबण्याची पद्धत ठीक असेल आणि फक्त उंची गेली असेल तर मूळ कडकपणाची नवीन जोडी पण पुरली असती, पण तू कायमचे 110 किलो वाढवलेस त्यामुळे मध्यम.

आता डाव्या-उजव्यातला 12 मिमी फरक, हा मला सगळ्यात जास्त खटकला आणि नवीन स्प्रिंग घ्यायच्या आधी याचं कारण शोध. पहिलं म्हणजे उजव्या स्प्रिंगचं खालचं टोक बघ, हात घालून, टॉर्च मारून. शेवटचा वेढा तुटून सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या वाटीत, पडलेला असतो आणि माती-गंजामुळे दिसत नाही, गाडी एका बाजूला थोडीच बसते आणि माणूस वर्षभर तसाच फिरतो. वरचं रबर पण बघ, चुरा झालेला असेल तर काही मिमी तिथेच गेले. हे दोन्ही ठीक असेल तर संशय पुढे जातो, तुझ्या टॉर्शन बारवर. एका बाजूचा जास्त आवळला गेला असेल तर ती बाजू वर ढकलली जाते आणि अख्खी बॉडी कलते, मग मागची निर्दोष स्प्रिंग पण कमी उंची दाखवते. तू म्हणशील पुढे दोन्हीकडे 478 आहे ना, हो पण मागची कमजोर बाजू पुढचा फरक झाकू शकते आणि पुढचा फरक मागची झाकू शकतो, चारी कोपरे एकमेकांशी बांधलेले आहेत.

वेगळं करायची युक्ती आहे. पुढे मधोमध, क्रॉस मेंबरच्या खाली एकच ट्रॉली जॅक लाव आणि पुढची चाकं जेमतेम उचल. आता पुढची बाजू एका टेकूवर आहे, डावीकडे-उजवीकडे मोकळी, त्यामुळे बॉडी किती कलायची ते मागच्या स्प्रिंगाच ठरवतात. मागे मोज. फरक तसाच राहिला तर मागचा दोष, फरक गेला तर पुढचा. हे करताना मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लाव आणि गाडीखाली अजिबात जाऊ नको, एका जॅकवरची गाडी भरवशाची नसते. मागचाच दोष निघाला तर डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करून बघता येते, कल स्प्रिंगबरोबर दुसरीकडे गेला तर स्प्रिंगच वाईट. ड्रॉवरमध्ये सगळी जड हत्यारं उजवीकडेच ठेवली नाहीयेस ना, हे पण बघून घे, आणि दुसरी बॅटरी कुठल्या बाजूला आहे ते. हसू नको, कारण पुष्कळदा तेवढंच निघतं.

पुढच्या टॉर्शन बारबद्दल अजून एक. बोल्ट आवळून गाडी वर येते पण बार कडक होत नाही, नुसता सुरुवातीचा पीळ वाढतो. जास्त आवळला की चाक खाली जायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद नेणारे वाकते सांधे) जास्त कोनात चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. तुझं नाक गरजेपेक्षा वर असेल तर मागची बाजू बसलेली नाहीच, पुढची उचललेली आहे, आणि तू मागे पैसे घालतोयस. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पुढची उंची तपासायचं माप असतं, आधी पुढचं त्यात आण, विंच बंपरचं वजन धरून, मग मागचं ठरव. उलटं केलंस तर दोन्हीकडे पाठलाग करत बसशील, मागे उचलली म्हणून पुढे, पुढे उचलली म्हणून मागे.

स्पेसरचं सांगतो. मित्र अगदीच चुकीचा नाही. 30 मिमीचा स्पेसर गाडी 30 मिमी उचलेल, पण कडकपणा तोच, म्हणजे टूरचं सामान टाकलं की परत तेवढीच बसणार. शिवाय चाक वर येऊन बंप स्टॉपला, म्हणजे त्याला शेवटी अडवणाऱ्या रबराला, टेकतं त्या क्षणी स्प्रिंग आता आधीपेक्षा 30 मिमी जास्त दबलेली असते, वेढे एकमेकांना टेकले तर झटका सरळ चेसिसला. एका बाजूला 10 मिमीचा फरक भरून काढायला स्पेसर मस्त, पण दमलेल्या स्प्रिंगखाली जाड स्पेसर घालून ती जवान होत नाही.

एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगच्या पोकळीत बसणारी, ज्याचं वजन आठवड्याला बदलतं त्याला कामाची. आज रिकामी, उद्या ट्रेलर, परवा परत रिकामी. तुझा फरक 110 किलोचा आहे, मध्यम स्प्रिंगवर 15 मिमी, त्यासाठी मी बॅग लावणार नाही, पण पुढेमागे ट्रेलर घेतलास तर विचार कर. घेतलीसच तर दोन्ही बॅगांना वेगवेगळा पाइप दे, टी जॉइंट करून एकत्र जोडू नको, नाहीतर वळणावर बाहेरच्या दबलेल्या बॅगेतली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते आणि गाडी जास्तच झुकते. आणि चाक पूर्ण खाली लटकतं तेव्हा बॅग ताणली जाते, त्यामुळे निर्मात्याने सांगितलेली किमान हवा कायम ठेवायची. आधी एवढं बघ की तुझ्या स्प्रिंगच्या आत बंप स्टॉप आहे का, असेल तर बॅगेला जागाच नाही.

वजन कमी करता येतंय का हेही एकदा बघ, कारण जागा महत्त्वाची असते. तुझा व्हीलबेस 2725 मिमी. ॲक्सलच्या 1 मीटर मागे, म्हणजे बंपर किंवा मागच्या दाराजवळ 60 किलो टांगले की मागच्या ॲक्सलवर 82 किलो पडतात आणि पुढचा ॲक्सल 22 किलोने हलका होतो. तेच 60 किलो मागच्या सीटच्या मागे, ॲक्सलच्या वर सरकवले की 60 म्हणजे 60. पाण्याचे आणि डिझेलचे कॅन पुढे सरकवणं फुकट आहे आणि सगळ्यात आधी करायचं काम आहे. नवीन स्प्रिंग लावली म्हणून गाडीची वजन उचलायची परवानगी वाढत नाही हेही, ॲक्सल, ब्रेक, टायर तेच आहेत.

समजा मध्यम जोडी ठरली, तर शॉकअपचं बघ. 25 टक्के कडक स्प्रिंग परत उसळताना तेवढीच जोरात उसळते, दमलेला जुना शॉकअप तिला धरू शकत नाही, म्हणून जमलं तर दोन्ही एकाच वेळी बदल. लांबी पण बघ. मूळ लांबीच्या शॉकअपवर गाडी 30 मिमी वर केली की चाक खाली जायची 30 मिमी जागा गेली, स्पीड ब्रेकर उतरताना शॉकअप ताणून टक्क आवाज करतो. फार लांब शॉकअप घातले तर उलटं, चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊन सीटमधून निसटते. दोन्ही चाकं लटकवून स्प्रिंग हाताने फिरते का बघ, मोकळी फिरत असेल तर जुळणी चुकली आहे.

25-30 मिमीत बाकी फार बिघडत नाही पण तीन गोष्टी बघाव्यात. मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो बॉडी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून मागे किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो, गाडी वर उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, नेमका सामान भरलेला असताना. त्याचा रॉड किंवा ब्रॅकेट त्या नवीन उंचीला जुळवून घे, हे बऱ्याच ठिकाणी विसरतात. दुसरं, मागचा पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला डावीकडे-उजवीकडे सरकू न देणारा दांडा), उंची वाढली की ॲक्सल काही मिमी एका बाजूला सरकतो, थोडक्यात चालतं, टायर एका बाजूला घासला तर ॲडजस्टेबल रॉड. तिसरं कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल), मागची बाजू 40 मिमी वर केलीस तर पुढचा कॅस्टर कोन जवळजवळ 0.8 अंशाने कमी होतो, स्टेअरिंग हलकं आणि भिरभिरं वाटतं. 25-30 मिमीला अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त. पुढची उंची पण बदलणार आहेस म्हणून अलाइनमेंट तसंही करायचंच आहे.

बसवताना एक चूक सगळीकडे होते, गाडी जॅकवर असतानाच आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. रबरी बुश लटकलेल्या स्थितीत घट्ट झाला की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो, उंची पण चुकीची दाखवतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हाताने बसव, गाडी चाकांवर उतरव, मागेपुढे ढकल, मग टॉर्क लाव. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल आणि डिफरेन्शियलच्या ब्रीदरची नळी ताणली जात नाही ना ते डोळ्यांनी बघत सोड, आणि चेसिसखाली स्टँड. स्प्रिंगवर लेबल असेल तर डावी-उजवी वेगळी आहे का वाच, काही कंपन्या ड्रायव्हरच्या बाजूची किंचित उंच देतात, आणि ती उलटी बसवली की तुझा 12 मिमीचा प्रश्न नव्याने सुरू.

लागलीच समाधानी किंवा नाराज होऊ नको, नवीन स्प्रिंग सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, 5-10 मिमी जाऊ शकतात, ते झाल्यावर परत मोज. हेडलाइट सामान भरून ॲडजस्ट कर, नाहीतर डिपरवाले थांबायचे नाहीत. आणि जुन्या स्प्रिंगा उंची पक्की होईपर्यंत भंगारात देऊ नको, नवीन जोडीतली एखादी चुकीची निघाली आणि बदलून यायला वेळ लागला तर गाडी चाकांवर उभी राहायला त्याच उपयोगी पडतील.